विश्लेषण : रक्तदाबाच्या मुळीपासून मनाच्या गोळीपर्यंत… कोण होते डॉ. रुस्तम वकील? मेंदूवरची औषधे नेमके काय करतात?

मुंबईतील एका हृदयरोगतज्ज्ञाने १९४९ मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली. औषध होते सर्पगंधाचे मूळ. त्या शोधनिबंधाचा धागा पुढे अमेरिकेतील मनोरुग्णालयांपर्यंत गेला आणि मेंदू रसायनांवर कसा चालतो, याचा पहिला मोठा पुरावा त्यातून मिळाला. डॉ. रुस्तम जाल वकील यांचे काम आणि आजच्या मानसोपचारातील गोळ्या यांचा संबंध समजून घेऊ या.

हा विषय पालघर-बोईसरसाठी महत्त्वाचा का?

बोईसर स्थानकातून बाहेर पडून तारापूर औद्योगिक वसाहतीकडे निघाले की रसायने, कापड आणि पोलाद यांच्या जोडीने औषधनिर्मितीचे कारखाने लागतात. गोळीत जो मूळ औषधी घटक असतो तो आणि त्याआधीच्या टप्प्यांतील रसायने तयार करणारे उद्योग ही या पट्ट्याची ओळख आहे. शिफ्ट संपवून घरी परतणाऱ्या अनेकांनी रिॲक्टर, ड्रायर, बॅच नंबर हे शब्द रोज हाताळलेले असतात. औषध शुद्ध कसे करायचे, हे इथल्या कामगाराला चांगले ठाऊक असते.

मात्र तीच गोळी मनाच्या आजारासाठी घरात आली की चित्र बदलते. झोपेची गोळी दिली आहे, सवय लागेल, डोके बधिर होईल, कुणाला सांगू नका, असे सल्ले सुरू होतात. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून किंवा थोडे बरे वाटले म्हणून औषध परस्पर बंद केले जाते. त्याऐवजी झाडपाल्याचे औषध घ्यावे, त्याने अपाय तरी होत नाही, असा समजही पक्का असतो. या दोन्ही समजुती तपासायच्या असतील तर सर्पगंधा आणि डॉ. वकील यांची गोष्ट उपयोगी पडते. कारण मनाच्या आजारावरील सुरुवातीच्या आधुनिक औषधांपैकी एक थेट झाडाच्या मुळातूनच आले होते आणि त्याचे दुष्परिणामही खरे होते.

कोण होते डॉ. रुस्तम वकील?

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईत पारशी कुटुंबात झाला. पारशी परंपरेनुसार त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे जिथे उतरले ते संजाण पालघर जिल्ह्याच्या सीमेला लागूनच आहे. डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यातील पारशी आणि इराणी कुटुंबांच्या चिकूच्या वाड्यांमुळे हा समाज जिल्ह्याला परका नाही. वकील मात्र पक्के मुंबईकर. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ते मुंबईत परतले.

परळचे केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. गिरणगावातील कामगारांपासून दूरवरच्या गावांतून आलेल्या रुग्णांपर्यंत सगळे तिथे येत. वकील या रुग्णालयाशी जोडले गेले. भारतात हृदयरोग ही वेगळी शाखा म्हणून जेमतेम उभी राहत होती. ती उभी करणाऱ्या पहिल्या फळीत त्यांचे नाव घेतले जाते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना ते वकील आणि गोलवाला यांच्या रोगनिदानावरील पाठ्यपुस्तकामुळे माहीत झाले. रुग्णाला पाहणे, तपासणे, ऐकणे आणि नोंद ठेवणे, या पुस्तकात शिकवलेली शिस्तच त्यांच्या सर्वांत मोठ्या कामामागे होती.

त्या काळी रक्तदाबावर उपचार काय होते?

जवळपास नव्हतेच. आज पालघरच्या कोणत्याही मेडिकलमध्ये रक्तदाबाची गोळी मिळते. १९४० च्या दशकात डॉक्टरांच्या हाती विश्रांती, मीठ तोडणे, गुंगी आणणारी औषधे आणि अगदीच गंभीर रुग्णांसाठी मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया एवढेच होते. अमेरिकेत निव्वळ भात आणि फळांचा कडक आहार देण्याचा प्रयोगही सुरू होता. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढत असल्याचे डॉक्टरांना दिसत होते, पण तो खाली आणणारे खात्रीचे औषध जगातील सर्वांत बलाढ्य देशाकडेही नव्हते.

सर्पगंधा म्हणजे काय?

सर्पगंधा ही हात-दीड हात उंचीची, पांढरट-गुलाबी फुलांची वनस्पती आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत ती आढळते. औषधी भाग म्हणजे तिचे मूळ. सर्पदंश, ताप, निद्रानाश आणि वेड यांवर ते भारतात शतकानुशतके वापरात होते. उत्तर भारतात तर वेड लागलेल्यांचे औषध हीच त्याची ओळख होती. शास्त्रीय नाव ‘राउवोल्फिया सर्पेंटिना’. त्यातील पहिला शब्द सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट राउवोल्फ यांच्यावरून आला आहे.

आधुनिक विज्ञानाने या मुळाकडे वळून पाहिले ते १९३१ मध्ये. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातून काही अल्कलॉइड वेगळे केले. त्यातील एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन हे नाव मिळाले. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींत मुळाचा उपयोग होत असल्याचे नोंदवले. म्हणजे मन आणि रक्तदाब ही जोडी भारतीय डॉक्टरांना तेव्हाच दिसली होती. पण हे निष्कर्ष देशाबाहेर फारसे कुणी वाचले नाहीत.

मग वकील यांनी वेगळे काय केले?

वकील यांनी सर्पगंधा शोधली नाही. ती रक्तदाब कमी करते, हे म्हणणारेही ते पहिले नव्हते. त्यांनी काम केले ते मोजमापाचे. वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांना मुळापासून बनवलेल्या गोळ्या देऊन, औषधापूर्वीचा आणि औषधानंतरचा दाब नियमित नोंदवून, कुणात किती फरक पडला आणि कोणता त्रास झाला, हे त्यांनी आकड्यांत मांडले. ५० रुग्णांचा हा अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतांश रुग्णांचा रक्तदाब खाली आला होता.

आजच्या निकषांनी ५० रुग्णांचा अभ्यास छोटाच ठरेल. तरीही त्याचे वजन मोठे होते. एक तर हे निष्कर्ष जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ वाचत असलेल्या नियतकालिकात आले. शिवाय पाश्चात्त्य वैद्यकाला समजणाऱ्या पद्धतीने आले. पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आणि तपासून पाहता येईल असा पुरावा यांतील दरी वकील यांनी बुजवली. परंपरेने सांगितले म्हणून खरे, किंवा परंपरेने सांगितले म्हणून खोटे, या दोन्ही टोकांना न जाता त्यांनी रक्तदाब मोजायचे यंत्र हाती घेतले.

हे मूळ अमेरिकेत कसे पोहोचले?

बोस्टनमधील डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांचे वकील यांच्या लेखाकडे लक्ष गेले. त्यांनी भारतातून औषध मागवून आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांना दिले. दाब तर उतरलाच, पण रुग्ण शांत झाल्याचेही त्यांना जाणवले. नेहमीच्या गुंगीच्या औषधासारखे ते झोपाळलेले नव्हते, मात्र त्यांची तगमग कमी झाली होती.

दरम्यान १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातील मुख्य घटक शुद्ध रूपात वेगळा केला. त्याचे नाव रेसर्पिन. आता चूर्णाऐवजी मोजून मात्रा देता येणार होती. चारच वर्षांनी, १९५६ मध्ये, अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांनी हा गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून तयार करून दाखवला. औषधी घटकांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना यातले आव्हान वेगळे सांगायला नको.

१९५३ मध्ये अहमदाबादचे डॉ. हकीम यांनी मानसिक आजारांत सर्पगंधाच्या वापराविषयी माहिती मांडली. न्यूयॉर्क राज्यातील रॉकलँड मनोरुग्णालयातील डॉ. नेथन क्लाइन यांनी रुग्णांवर प्रयोग करून १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथील रुग्णालयात डॉ. रॉबर्ट नोस यांनीही रेसर्पिन वापरले. वर्षानुवर्षे हिंसक किंवा पूर्ण अबोल असलेले काही रुग्ण बोलू लागले, जेवायला टेबलाशी बसू लागले.

त्याआधी मनोरुग्णालयांत काय चालत असे?

तो काळ समजून घेतल्याशिवाय या बदलाचे मोल कळत नाही. १९५५ मध्ये अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. उपचार म्हणजे बांधून ठेवणे, इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणे, विजेचे झटके आणि काहींच्या बाबतीत मेंदूचा भाग कापणारी लोबोटॉमी. विजेच्या उपचारात भूल देऊन पुढे मोठ्या सुधारणा झाल्या आणि गंभीर नैराश्यात तो आजही परिणामकारक मानला जातो. लोबोटॉमी मात्र इतिहासजमा झाली.

महाराष्ट्रातील चित्रही फार निराळे नव्हते. पालघर ज्या जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्या ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. ठाण्याला पाठवणे, हा वाक्प्रचार या भागात टोमणा म्हणून रुळला. घरच्यांनी एकदा नेऊन सोडले की परतीचा रस्ता बंद, ही भीती त्यामागे होती. गोळ्यांनी आजार पूर्ण बरे केले असे नाही. पण रुग्णाला घरी ठेवून उपचार करता येतात, ही शक्यता पहिल्यांदा निर्माण झाली.

लास्कर पुरस्कारातील ती सहा नावे

१९५७ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार क्लिनिकल संशोधनासाठी सहा जणांना जाहीर झाला. त्यात क्लोरप्रोमाझिन या औषधाशी जोडलेले फ्रान्सचे आन्री लाबोरी आणि पिएर देनिकेर होते. हे औषध उत्तर अमेरिकेत नेणारे कॅनडाचे हाइन्झ लेहमन होते. रेसर्पिनसाठी क्लाइन आणि नोस होते. सहावे नाव मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांचे होते. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय.

म्हणजे जगाने मनाच्या औषधांच्या नव्या युगाची नोंद घेतली, तेव्हा त्या पंक्तीत एक हृदयरोगतज्ज्ञ बसला होता. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

एकच औषध रक्तदाबावर आणि मनावर कसे काय चालले?

इथेच खरे विज्ञान सुरू होते. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीला दुसरीला निरोप द्यायचा असेल तर ती या फटीत रसायन सोडते. डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन ही त्यातील काही रसायने.

तारापूरच्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. माल तयार होतो, पंपाने ड्रममध्ये भरला जातो आणि ऑर्डर आली की ड्रम गेटबाहेर जातो. पलीकडच्या कारखान्याच्या गेटवर तो उतरवून घेतला जातो. जास्तीचा माल परत आणला जातो. ड्रमबाहेर सांडलेला माल सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जाऊन नष्ट होतो. चेतापेशीतही जवळपास हीच व्यवस्था असते. ड्रम म्हणजे पेशीतील सूक्ष्म पिशव्या. प्रक्रिया केंद्र म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर.

रेसर्पिन ड्रम भरणारा पंप बंद पाडते. माल तयार होतो, पण भरला जात नाही. तो पेशीतच सांडतो आणि विकर त्याची विल्हेवाट लावते. निरोप द्यायची वेळ येते तेव्हा ड्रम रिकामा असतो. हा पंप पटकन दुरुस्तही होत नाही, त्यामुळे औषध बंद केल्यावरही परिणाम काही दिवस टिकतो.

रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंमध्ये नॉरॲड्रेनॅलिनचे ड्रम रिकामे झाले की वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. मेंदूत डोपामिनचे ड्रम रिकामे झाले की भास आणि उन्माद यांचा जोर ओसरतो. वकील यांना परळमध्ये दिसलेला आणि क्लाइन यांना न्यूयॉर्कमध्ये दिसलेला परिणाम एकाच पंपाचा होता. अर्थात १९४९ मध्ये हे कुणालाच माहीत नव्हते. औषध आधी आले, त्याचे कारण नंतर कळले.

सशांच्या प्रयोगातून काय कळले?

१९५५ मध्ये अमेरिकेतील बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने रेसर्पिनमुळे शरीरातील सेरोटोनिनचा साठा संपतो, हे दाखवले. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी पुढचा प्रश्न विचारला. रेसर्पिन दिलेले ससे कान पाडून निश्चल पडून राहत. १९५७ मध्ये कार्लसन यांनी अशा सशांना एल-डोपा हे डोपामिनचे कच्चे रूप टोचले. थोड्याच वेळात ससे उठून फिरू लागले.

डोपामिन हे स्वतःच निरोप्या आहे आणि हालचालीसाठी ते लागतेच, हे यातून पुढे आले. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचे १९६० मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी दाखवले. आज कंपवातावर दिली जाणारी मुख्य गोळी याच एल-डोपावर आधारलेली आहे. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे सर्पगंधाच्या मुळाने रक्तदाब, मनोविकार आणि कंपवात या तिन्ही आजारांची दारे किलकिली केली.

आजच्या गोळ्या कुठे काम करतात?

रेसर्पिन आता मानसोपचारात जवळपास वापरले जात नाही. मात्र कारखान्याच्या त्याच साखळीत वेगवेगळ्या जागी काम करणारी औषधे आली.

– मनोविकारविरोधी औषधे : क्लोरप्रोमाझिनपासून रिस्पेरिडोन, ओलान्झापिनपर्यंतची औषधे पलीकडच्या गेटवर डोपामिन उतरवून घेणे कमी करतात. भास, संशय आणि विचारांचा गोंधळ यावर त्यांचा उपयोग होतो.

– नैराश्यविरोधी औषधे : फ्लुओक्सेटिन, एसिटालोप्रॅम यांसारख्या गोळ्या सेरोटोनिन परत आणणारी गाडी अडवतात. त्यामुळे ते फटीत जास्त काळ राहते. या गटाआधीचे एक औषध, आयप्रोनियाझिड, सांडपाणी प्रक्रिया केंद्रच बंद पाडत असे. ते मुळात क्षयरोगासाठी होते. क्षयाचे रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही दिसू लागल्याने त्याचा वेगळा उपयोग ध्यानात आला आणि तिथेही पुढे क्लाइन यांचेच नाव आले.

– लिथियम : ऑस्ट्रेलियाचे जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग नोंदवला ते वर्षही १९४९, म्हणजे वकील यांच्या शोधनिबंधाचेच वर्ष. ते गेटवर नाही, तर निरोप मिळाल्यानंतर पेशीच्या आत काय घडते त्यावर परिणाम करते. त्याची मात्रा काटेकोर ठेवावी लागते, म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते.

– चिंता आणि झोपेची औषधे : क्लोनाझेपामसारख्या गोळ्या मेंदूतील ‘गाबा’ या रसायनाचा ब्रेक अधिक घट्ट करतात. परिणाम लगेच जाणवतो. सवय लागण्याचा धोकाही याच गटात खरा आहे.

मनाची प्रत्येक गोळी म्हणजे झोपेची गोळी, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. चारही गटांचे काम वेगळे, धोके वेगळे.

मग गोळी लागू पडायला आठवडे का लागतात?

सेरोटोनिन परत नेणारी गाडी पहिल्या दिवसापासून अडवली जाते. तरीही मन हलके व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. फटीत रसायन वाढल्यावर पलीकडचे गेट स्वतःची रचना बदलते, पेशींमधील जोडण्या हळूहळू नव्याने बांधल्या जातात आणि या कामाला वेळ लागतो, असे आज मानले जाते.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिनची कमतरता, हे समीकरण फार सोपे आहे आणि ते सिद्ध झालेले नाही. गोळीने फायदा होतो, हे चाचण्यांत दिसले आहे. पण पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येतो, असे आपण म्हणत नाही. तसेच हे. नोकरीची अनिश्चितता, रात्रपाळी, कर्ज, दारू, एकटेपणा यांचाही आजारात वाटा असतो आणि त्यासाठी समुपदेशन, झोप, घरच्यांचा आधार लागतो.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी?

सर्पगंधाची दुसरी बाजू इथे येते. रेसर्पिनने नाक चोंदणे, जुलाब, सुस्ती असे त्रास होत. डोपामिन फार कमी झाले की कंपवातासारखा ताठरपणा येई. १९५० च्या दशकात रक्तदाबासाठी हे औषध घेणारे काही रुग्ण खोल उदासीत गेल्याच्या नोंदी आल्या. त्यावरूनच नैराश्य आणि मेंदूतील रसायने यांचा संबंध जोडला गेला. नंतरच्या पाहणीत हा संबंध वाटला होता तितका सरळ नसल्याचे दिसले. तरी उदासीचा इतिहास असलेल्यांना हे औषध देताना डॉक्टर सावध राहू लागले.

रसायन कारखान्यातून आले की मुळातून, पेशीतील पंपाला त्याने फरक पडत नाही. मात्रा किती आणि सोबत दुसरे काय चालू आहे, हेच निर्णायक ठरते. रक्तदाबाची किंवा मानसोपचाराची गोळी सुरू असताना त्यावर सर्पगंधाचे चूर्ण घेणे धोक्याचे ठरू शकते. आयुर्वेदिक औषध सुरू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवे. शिवाय मुळासाठी अख्खे झाड उपटावे लागत असल्याने सर्पगंधा जंगलातून झपाट्याने कमी झाली. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आज निर्बंध आहेत.

औषध मध्येच बंद केले तर?

आकस्मिक बंद करण्यात दोन धोके असतात. पहिला, मूळ आजार परतण्याचा. स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-नैराश्याच्या आजारात औषध सोडल्यावर आजार पुन्हा उसळण्याची शक्यता मोठी असते. दुसरा धोका म्हणजे शरीराचा गोंधळ. नैराश्यविरोधी गोळ्यांची दारूसारखी ओढ लागत नाही, पण त्या एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड, विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव होऊ शकते. क्लोनाझेपामसारखी गोळी अचानक बंद केल्यास फिटही येऊ शकते. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करायची असते.

दुष्परिणाम सहन करत राहणे हाही उपाय नव्हे. वजन वाढणे, हात थरथरणे, लैंगिक तक्रारी, दिवसभर सुस्ती हे त्रास उघडपणे सांगितले तर मात्रा किंवा औषध बदलता येते. रात्रपाळी करणाऱ्या किंवा यंत्रावर काम करणाऱ्या रुग्णाने तर आपले काम काय आहे, हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे. गोळीची वेळ त्यावरून ठरवता येते.

मदत कुठे मिळेल?

जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचणे आजही सोपे नाही. एसटी, मग लोकल आणि बुडालेली मजुरी असा तो हिशेब असतो. त्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा उपयोगी आहे. १४४१६ या क्रमांकावर ती २४ तास विनामूल्य उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. सरकारी रुग्णालयांतून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाअंतर्गत सेवा दिली जाते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय या भागासाठी मोठे केंद्र आहे आणि तिथे बाह्यरुग्ण म्हणून तपासून त्याच दिवशी घरी परतता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. जीव द्यावासा वाटत असेल, तर मात्र वाट न पाहता लगेच जवळच्या माणसाला सांगावे आणि रुग्णालय गाठावे.

वकील यांचे पुढे काय झाले?

लास्कर पुरस्कारानंतर वकील मानसोपचाराकडे वळले नाहीत. ते हृदयाकडेच परतले. हृदयविकाराचा मोठा झटका येण्याआधी काही रुग्णांत छातीत दुखण्याचे एक धोक्याचे मधले पर्व असते. १९६० च्या दशकात त्यांनी त्याचा अभ्यास करून अमेरिकी नियतकालिकांत लिहिले आणि या टप्प्यावर रक्त गोठू न देणारी औषधे दिल्यास काय होते, तेही तपासले. आज अशा दुखण्याला डॉक्टर आणीबाणी मानतात. वैद्यकाच्या इतिहासावरही त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी लेखन केले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

रेसर्पिन मागे पडले, तरी त्या पंपाची गोष्ट संपलेली नाही. मनोविकारविरोधी औषधे दीर्घकाळ घेतलेल्या काही रुग्णांना तोंडाच्या, जिभेच्या अनैच्छिक हालचालींचा त्रास होतो. या त्रासावर अमेरिकेत २०१७ मध्ये दोन नवी औषधे मंजूर झाली. ती काम करतात ती चेतापेशीतील ड्रम भरणाऱ्या पंपावरच. फरक इतकाच की ती पंप कायमचा बंद पाडत नाहीत, त्याचा वेग कमी करतात.

परळच्या वॉर्डात मांडलेल्या ५० रुग्णांच्या आकड्यांपासून हा प्रवास सुरू झाला, तेव्हा औषध आत काय करते, हे वकील यांना सांगता आले नसते. काय दिले, किती दिले आणि काय झाले, एवढेच त्यांनी नोंदवले. घरात मनाची गोळी सुरू असेल तर आजही हीच पद्धत कामाची आहे. कोणती गोळी, किती वाजता, झोप कशी लागली, काय त्रास झाला, हे एका वहीत लिहावे आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांसमोर ठेवावी.